गोल्फची पिशवी आणि समुद्राची वाट

जयपूरला समुद्र नाही. मुंबईचा किनारा गाठायचा म्हटले तरी रेल्वेने हजार किलोमीटरहून अधिक प्रवास, आणि गोवा तर त्याच्याही पुढे. पण जयपूरला गोल्फ आहे. रामबाग राजवाड्याच्या शेजारी, पोलोच्या मैदानाला लागून, अठरा होलचे मैदान आहे. भल्या पहाटे तिथे मोरांचे ओरडणे आणि चेंडूवर बसलेल्या फटक्याचा टणत्कार एकदमच ऐकू येतो. जयपूरचे नाव जगात आधी पोलोने नेले. महाराजा सवाई मानसिंह यांचा संघ १९३३ मध्ये इंग्लंडला गेला आणि त्या मोसमातल्या मोठ्या स्पर्धा एकामागून एक जिंकून परतला. पुढे संस्थान गेले, १९५७ मध्ये राजवाड्याचे हॉटेल झाले, पण हिरवळ राहिली. (याच राजवाड्यातल्या महाराणी गायत्रीदेवी म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची नात. तेव्हा मराठी माणसाला रामबाग अगदीच परकी नाही.)

ज्याला गोल्फची गोडी लागते त्याला आज ना उद्या समुद्रकिनाऱ्यावर खेळावेसे वाटतेच. त्याला कारण आहे. हा खेळ किनाऱ्यावरच वाढला. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेती यांच्यामध्ये वाळूच्या टेकाडांचा एक पट्टा असतो, त्याला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. तिथे धान्य पिकत नाही, झाड धरत नाही. आखूड गवत उगवते, त्यावर मेंढ्या चरतात आणि वाऱ्यापासून बचाव करायला त्या वाळूत खड्डे करून बसतात. गोल्फच्या मैदानावरचे वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, हे असेच मुळात मेंढ्यांच्या कृपेने झाले असे तिकडचे लोक सांगतात. दरवर्षी जुलैत ब्रिटनची खुली स्पर्धा दूरचित्रवाणीवर दिसते, ती अशाच किनारी मैदानांवर होते. रामबागेतल्या झाडीतून खेळणारा माणूस ते दृश्य पाहतो आणि त्याच्या डोक्यात सहलीचा किडा वळवळू लागतो.

समजा, सी-स्कीममधले एक मराठी कुटुंब आहे. बाबांचे वय पंचावन्न. डॉक्टरांनी चालायला सांगितले म्हणून गोल्फ सुरू केले आणि आता चालण्यापेक्षा गोल्फच जास्त झाला आहे. आईला समुद्र पाहून बरीच वर्षे झालेली. धाकटा नववीत. थोरली लेक एडिंबराला शिकायला गेलेली. या वर्षीची सुट्टी समुद्रावर, असे ठरते तेव्हा घरात आनंद होतो. मग कळते की सामानात चौदा काठ्यांची एक पिशवीही येणार आहे. “अहो, सहल सगळ्यांची आहे ना?” हा प्रश्न त्यानंतरचा.

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पुढे येईलच. पण त्याआधी दुसरा प्रश्न सोडवावा लागतो, आणि बहुतेक सहली तिथेच फसतात. मैदान किती सुंदर आहे हे सगळे पाहतात, पण मैदान कुणाचे आहे हे कुणी विचारत नाही. भारतात गोल्फच्या मैदानाला कुंपण असते, फाटक असते आणि फाटकावर माणूस असतो. तो माणूस कुणाला आत सोडतो यावरच सगळी सहल अवलंबून असते.

मुंबईपासूनच पाहू. ताडदेवचा विलिंग्डन क्लब १९१८ चा. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी तो काढला, आणि गोऱ्यांच्या बरोबरीने हिंदी लोकांनाही सभासद होता यावे ही त्यामागची कल्पना होती. त्या काळाच्या मानाने ते मोठेच पाऊल. पण दार उघडले ते सभासदांसाठीच. आजही तिथे खेळायचे तर सभासदाचे पाहुणे म्हणून जावे लागते. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा, तोही सभासदांचा. कुलाब्याच्या टोकाला समुद्राला खेटून जे मैदान आहे ते सेनादलांच्या युनायटेड सर्व्हिसेस क्लबचे. मुंबईत खऱ्या अर्थाने लाटांच्या शेजारी गोल्फ खेळावा तो इथेच, पण त्यासाठी लष्करी किंवा नौदलातली ओळख हवी. क्लबांचे आपसांत करार असतात. एका गावच्या क्लबाच्या सभासदाला दुसऱ्या गावच्या क्लबात ठरावीक दिवस खेळू देतात. म्हणून जयपूरच्या सभासदाने पहिले काम करायचे ते हे, की आपल्या क्लबाच्या चिटणिसांकडे जाऊन असा करार किनाऱ्यावरच्या कोणत्या क्लबांशी आहे ते विचारायचे आणि असेल तर ओळखपत्र घ्यायचे. तिकीट त्यानंतर. उलट क्रमाने केले की मुंबईत उतरून फाटकावरच्या माणसाशी हुज्जत घालण्यात सकाळ जाते.

गोव्याची गोष्ट वेगळी. गोवा म्हटले की सगळे असेल असे वाटते, पण गोल्फच्या बाबतीत गोवा फारच किरकोळ. दक्षिणेला मोबोरच्या किनाऱ्यावर आणि त्याहून खाली काणकोणच्या राजबागेला पंचतारांकित हॉटेलांच्या आवारात छोटी मैदाने आहेत, अठरा होलांची नव्हेत. ती हॉटेलच्या पाहुण्यांसाठी. बाहेरच्याला पैसे भरून खेळू देतात की नाही हे त्या-त्या वेळच्या व्यवस्थापनावर असते. हॉटेलची मालकी बदलली की नियमही बदलतात, तेव्हा फोन करून विचारणे बरे. राजबागेचे मैदान तळपण नदीच्या मुखाजवळचे, देखणे. पण त्यासाठी हॉटेलातच उतरायचे तर तीन रात्रींत घरचे महिन्याचे अंदाजपत्रक उडते. गोव्याला सार्वजनिक गोल्फ मैदान असे नाही.

का नाही, याची कथा गोल्फ खेळणाऱ्याने ऐकायलाच हवी. गोव्यात १९८० च्या दशकापासून बड्या पर्यटनाच्या योजनांना स्थानिक लोकांनी कसून विरोध केला आहे आणि त्यात गोल्फची मैदानेही आली. अठरा होलच्या मैदानाला उन्हाळ्यात दिवसाला लाखो लिटर पाणी लागते, शिवाय खते आणि कीटकनाशके. ती पाझरून जातात गावच्या विहिरींत. हा विरोध गोव्यापुरताही नव्हता. २९ एप्रिल १९९३ रोजी आशियातल्या कार्यकर्त्यांनी गोल्फविरोधी जागतिक चळवळच जाहीर केली होती. अलीकडची ठळक गोष्ट तेरेखोलची. महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटलेले, नदीच्या पलीकडचे हे चिमुकले गाव. केरीहून फेरीबोटीने जावे लागते. तिथे गोल्फ मैदानासह मोठे रिसॉर्ट उभारायचा प्रस्ताव आला, तेव्हा गावकऱ्यांनी कसणाऱ्याच्या हक्काचा प्रश्न उभा केला. २०१३-१४ च्या सुमारास तो वाद पेटला आणि न्यायालय व हरित लवादापर्यंत गेला.

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. स्कॉटलंडमधली लिंक्स ही कुणाच्याच शेतीच्या कामाची नसलेली जमीन. कोकण-गोव्याचा किनारा तसा नाही. इथे किनाऱ्याच्या पाठीला लागूनच माड, पोफळी, काजू, खाजण शेती आणि होड्या ओढून ठेवायची जागा. स्कॉटलंडमध्ये जे वाळूवर आपोआप झाले ते इथे करायचे तर कुणाचे तरी ताट ओढावे लागते. किनारी गोल्फची हौस असणाऱ्याने गावकऱ्यांवर चिडण्याचे कारण नाही.

मग पैसे भरले की कुणालाही खेळू देणारे मैदान किनारपट्टीवर नाहीच का? आहे. नवी मुंबईत खारघरला सिडकोने असे मैदान केले आहे. ते अगदी समुद्रावर नाही, डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि जवळच पांडवकड्याचा धबधबा आहे. पण खाडी आणि समुद्र दोन्ही हाकेच्या अंतरावर, हवा किनाऱ्याचीच. सभासदत्व नको, शिफारस नको. नाव नोंदवायचे, शुल्क भरायचे, खेळायचे. विस्ताराची कामे निघाली की काही होल बंद असतात, तेवढी चौकशी आधी करावी. जयपूरच्या कुटुंबाने मुंबईत नातलगांकडे उतरावे, बाबांनी पहाटे खारघरला जावे, दुपारी सगळ्यांनी मांडव्याची लाँच पकडून अलिबागला जावे. अशी चार दिवसांची सहल हॉटेलच्या एका रात्रीच्या खर्चात बसते.

त्याही आधी एक रंगीत तालीम करून घेता येते. जयपूरहून दिल्ली पावणेतीनशे किलोमीटर. तिथे लाडोसरायला दिल्ली विकास प्राधिकरणाचे कुतुब गोल्फ मैदान आहे. तेही सार्वजनिक. क्लबात नेहमीच्या चौघांबरोबर, नेहमीच्या कॅडीबरोबर खेळणाऱ्याला अनोळखी मैदानावर अनोळखी माणसांबरोबर खेळायची सवय नसते. ती इथे होते. सार्वजनिक मैदानावर पुढचा गट सावकाश असेल तर थांबावे लागते, मागचा वेगवान असेल तर त्याला वाट द्यावी लागते. ज्याला आपल्या क्लबात ‘साहेब’ म्हणवून घ्यायची सवय आहे त्याला याची थोडी तालीम लागतेच.

सार्वजनिक मैदानाचे महत्त्व केवळ पर्यटकापुरते नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली. तिची आई तिची कॅडी होती. त्या सकाळी गोल्फमधले ओ की ठो न कळणारी घरेदेखील दूरचित्रवाणीला चिकटून बसली होती. अदितीला या खेळाचे वेड लागले ते बंगलोरमध्ये, पाच-साडेपाच वर्षांची असताना, नाश्ता करायला गेलेल्या हॉटेलातून शेजारचे गोल्फचे मैदान दिसले म्हणून. आई-वडील तिला बघायला घेऊन गेले आणि तिथे सरावाला आत घेत होते, म्हणून ती आत गेली. फाटक बंद असते तर नाश्ता करून तिघे घरी गेले असते. त्याआधीच्या पिढीत अली शेर दिल्लीच्या क्लबात कॅडी म्हणून आत गेला आणि १९९१ व १९९३ मध्ये इंडियन ओपन जिंकून बाहेर आला. मैदानात शिरायला तोवर गरिबाला तोच एक रस्ता होता.

आता लेक एडिंबराला आहे म्हटल्यावर विषय निघणारच. परदेशी जायचा मोठा खर्च तिला भेटायला म्हणून होणारच असेल, तर किनाऱ्यावरच्या सार्वजनिक गोल्फचे माहेरघर तिथून रेल्वेने तासाभरावर आहे. सेंट अँड्र्यूज. सबंध जगात गोल्फवाल्यांची पंढरी म्हणून हे गाव ओळखले जाते, आणि गंमत अशी की या पंढरीला बडव्यांचे फाटक नाही. तिथले सर्वात जुने मैदान, ओल्ड कोर्स, कुठल्याही क्लबाचे नाही. ते गावाचे आहे. पहिल्या होलच्या मागे रॉयल अँड एन्शंट क्लबाची भारदस्त दगडी इमारत उभी आहे, तिच्यात सभासदाखेरीज कुणाला प्रवेश नाही. पण त्या क्लबाच्या मालकीचे मैदान नाही. इमारत खाजगी, हिरवळ सार्वजनिक.

हे असे कसे झाले? १५५२ मध्ये तिथले आर्चबिशप हॅमिल्टन यांनी एक सनद दिली. तीत या जमिनीवर खेळायचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला होता. पुढे १७९७ मध्ये नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने ही जमीन विकून टाकली. ज्यांच्या हाती ती पडली त्यांनी तिथे ससे पाळायला सुरुवात केली. मैदानभर बिळे झाली. चेंडू बिळात जाऊ लागले. गोल्फवाले आणि ससेवाले यांची भांडणे मारामारीपर्यंत आणि न्यायालयापर्यंत गेली. अखेर १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या शेजारच्या जमीनदाराने ती जमीन घेतली आणि खेळ वाचला. १८९४ मध्ये संसदेने खास कायदा केला आणि गावाने आपली जमीन परत मिळवली. १९७४ पासून कायद्यानेच नेमलेला एक न्यास तिचा कारभार पाहतो. विकलेली सार्वजनिक जमीन गावाने परत मिळवली, हे आपल्याकडच्या नगरपालिकांना वाचून दाखवण्यासारखे प्रकरण आहे.

आज या न्यासाकडे सात मैदाने आहेत. ओल्ड कोर्सवर खेळायला सभासदत्व लागत नाही, पण तीन गोष्टी लागतात : हँडिकॅपचे प्रमाणपत्र, नशीब आणि पैसे. हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पत सांगणारा आकडा. नेमाने जिथे खेळता तिथल्या क्लबाकडून ते प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच घ्यावे. तिकडे पोहोचून जयपूरला फोन करत बसू नये. नशीब यासाठी की मोसमात बऱ्याच वेळा सोडतीने दिल्या जातात. खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी किमान दोघांनी मिळून नावे द्यायची आणि निकालाची वाट पाहायची. एकटा असेल त्याला पूर्वी रात्रभर मैदानाच्या दारात रांग लावावी लागे. जपानचे, अमेरिकेचे शिकलेसवरलेले लोक घोंगडी पांघरून थंडीत बसत. २०२४ पासून त्याच्यासाठीही सोडत आहे. आणि पैसे म्हणाल तर मोसमात एका फेरीचे ३०० पौंडांहून अधिक, म्हणजे तीस हजार रुपयांच्या वर. एवढे पैसे चार तासांत घालवावेत की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण आई-बाबांचे यावर भांडण होणार असेल तर ते जयपुरात उरकून घ्यावे.

ओल्ड कोर्स मिळाला नाही म्हणून रडण्याचेही कारण नाही. त्याच्याच कडेला न्यू कोर्स आहे. नाव ‘नवे’ असले तरी ते १८९५ चे. तीच वाळू, तोच वारा, आणि शुल्क निम्म्याहूनही कमी. धाकट्यासाठी बॅलगोव नावाचे नऊ होलचे मैदान आहे. ते मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठीच ठेवलेले. तिथे हँडिकॅप विचारत नाहीत.

आणि आईसाठी? तिच्यासाठी हिमालय आहे. ओल्ड कोर्सच्या शेजारी उंचसखल हिरवळीचा एक तुकडा आहे, त्याचे नावच ‘हिमालय’. १८६७ मध्ये तिथे बायकांचा पटिंग क्लब निघाला. त्या काळी बाईने हात खांद्याच्या वर नेऊन काठी फिरवणे असभ्य समजत, म्हणून त्यांना चेंडू नुसता ढकलायचा हा खेळ दिला. त्यांनी त्याचाच क्लब काढला आणि तो आजही त्या चालवतात. बाहेरच्या कुणालाही थोडेसे पैसे देऊन तिथे खेळता येते, काठी-चेंडू तेच देतात. साडी नेसून, पायात साधे बूट घालून खुशाल खेळावे. पलीकडच्या भारदस्त इमारतीतल्या क्लबाने मात्र बायकांना सभासद करून घ्यायला सप्टेंबर २०१४ उजाडावे लागले. खळगा, टेकाड, पुन्हा खळगा, अशा त्या हिरवळीवर अनुभवी खेळाडूंची फजिती होते आणि ज्यांनी आयुष्यात काठी धरली नाही ते जिंकतात. घरच्या सगळ्यांनी मिळून खेळावा असा हा गोल्फ आहे, आणि “सहल सगळ्यांची आहे ना” या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे मिळते.

दुसरे उत्तर सूर्य देतो. जूनमध्ये तिथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे दिवसभर सगळ्यांनी मिळून भटकावे, पडक्या कॅथीड्रलचे दगड पाहावेत, किनाऱ्यावर अनवाणी चालावे, आणि संध्याकाळी पाचला बाबांनी खेळायला जावे. नऊ-साडेनऊला उजेडातच परत. उशिराच्या वेळांना काही मैदानांवर शुल्कही कमी असते. घरच्यांची सकाळ मोडून आपला खेळ खेळायचा हा गोल्फवाल्यांचा जुना दोष आहे, तिकडे त्याला सबब उरत नाही.

आसपास आणखी पुष्कळ आहे. एडिंबराच्या वेशीवरच्या मसलबरा गावात घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या मधोमध नऊ होलचे जुने गोल्फ मैदान आहे. १८७४ ते १८८९ या काळात सहा वेळा खुली स्पर्धा तिथे झाली. आज स्थानिक कौन्सिल ते चालवते, शुल्क माफक, आणि जुन्या लाकडी दांड्यांच्या काठ्या भाड्याने घेऊन खेळायची हौसही भागते. उत्तरेला कार्नूस्टी, ज्याला गावात रेल्वेचे स्टेशन आहे. तिथले मोठे मैदान अवघडपणासाठी कुप्रसिद्ध. २०१८ ची खुली स्पर्धा तिथेच झाली. तेही सार्वजनिक. त्याच्या शेजारी कमी शुल्काची आणखी दोन आहेत. मोटार भाड्याने घेण्याची गरज नाही. सेंट अँड्र्यूजची स्वतःची रेल्वे १९६९ मध्ये बंद झाली. एडिंबराहून लूचर्स स्टेशनवर उतरायचे आणि तिथून दहा-पंधरा मिनिटे बसने जायचे.

मोसमाचा हिशेब जयपूरकरांच्या फायद्याचा आहे. रामबागेत खेळायला सर्वात छान महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्याच दिवसांत गोव्याला गर्दी आणि भाव दोन्ही चढे. घरचा उत्तम मोसम सोडून महागाचा गोवा गाठण्यात शहाणपण नाही. ऑक्टोबरचा शेवट बरा. पाऊस सरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात आणि दिवाळीची सुट्टी असते. ऑगस्टमध्ये मात्र कोकणात गोल्फ ही नुसती चिखलसेवा. स्कॉटलंडचे चांगले दिवस मे-जून, म्हणजे नेमके जयपूर तापलेले असते तेव्हा, शाळांच्या सुट्टीत. ओल्ड कोर्सची आगाऊ वेळ हवी असेल तर आदल्या वर्षीच अर्ज करावा लागतो. व्हिसाचे काम दोन-तीन महिने आधी.

सामानाचे गणित वेगळे करावे लागते. अजमेर-एर्नाकुलम मरुसागर एक्स्प्रेस आठवड्यातून एकदा जयपूरवरून कोकण रेल्वेमार्गे मडगावला जाते. तिचा प्रवास लांबचा पण सोयीचा. फक्त, रेल्वेच्या नियमाप्रमाणे डब्यात बरोबर न्यायच्या नगाची लांबी १०० सेंटीमीटरच्या आत हवी आणि गोल्फची भरलेली पिशवी त्यात बसत नाही. उपाय साधा आहे. लांब काठ्या घरी ठेवाव्यात. लोखंडी काठ्या आणि पटर मीटरभराच्या आत बसतात. सहा-सात काठ्यांचा अर्धा संच साध्या कापडी पिशवीत गुंडाळून न्यावा. नियमाने चौदापर्यंत काठ्या चालतात, पण चौदा असल्याच पाहिजेत असे कुठेही लिहिलेले नाही. विमानाने जायचे तर पिशवीचे वजन घरीच करावे. देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलो सामान नेता येते आणि भरलेली गोल्फची पिशवी एकटीच तेवढी भरते. परदेशी भाड्याने चांगला संच मिळतो. नवे बूट मात्र भाड्याने नको आणि विकतही नको, घरचे वापरलेलेच न्यावेत.

किनाऱ्यावर चेंडू जयपूरसारखा उडत नाही, ही तक्रार तिथे गेलेले सगळे करतात. जयपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर उंच. तिथली हवा, त्यातून उन्हाळ्यात तापलेली, विरळ असते. स्कॉटलंडमधली थंड हवा दाट. शंभर पावलांवर जाणारा चेंडू तिथे काही पावले आधीच पडतो. हा दोष काठीचा नव्हे की दमटपणाचाही नव्हे. आणि वारा! लिंक्सवर तो आडवा येतो, थांबतो, पुन्हा येतो. उंच उडवलेला चेंडू कुठल्या कुठे जातो. तिथले लोक चेंडू जमिनीसरसा मारतात आणि घरंगळू देतात. रामबागेत जाण्यापूर्वी महिनाभर हा ठेंगणा फटका घोटून घ्यावा. कॅडी मिळतो पण महाग, म्हणून बहुतेक जण आपली पिशवी आपणच ओढतात. जयपूरमध्ये जो सतत मागे उभा राहून “साहेब, डावीकडून” असे सांगतो, त्याचे मोल तेव्हा कळते.

सेंट अँड्र्यूजला मुक्काम करायचा तर त्यात रविवार जरूर यावा. रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद असतो. एरवीही पहिल्या आणि अठराव्या होलला छेदून एक सार्वजनिक रस्ता जातो. खेळाडू थांबतात, बाबागाडी ढकलणारी बाई निघून जाते, मग खेळ पुढे. रविवारी तर सबंध मैदानच गावाचे उद्यान होते. लोक कुत्री घेऊन येतात, मुले धावतात, म्हातारी माणसे फेअरवेवरून सावकाश चालत समुद्राकडे जातात. शेवटच्या होलवर ओढ्यावरचा जो छोटासा दगडी पूल जगभरच्या छायाचित्रांत असतो, त्यावर उभे राहून त्या दिवशी कुणीही फोटो काढून घ्यावा, हातात काठी असो वा नसो. पोळीभाजीचा डबा बरोबर असला तर बंकरच्या कडेला नको, किनाऱ्याच्या बाजूला बसून खावा. वाऱ्याने वाळू उडते.